माझाच आवाज मला दोनदा का ऐकू येतो?

प्रश्न: मी मुलुंडला राहते, अभंग आणि भावगीतं गाते. हल्ली घरीच लॅपटॉपवर रेकॉर्डिंग करते. छोटा ऑडिओ इंटरफेस आहे, कंडेन्सर माईक आहे. तयार ट्रॅक वाजवायचा आणि त्यावर गायचं, असं चालतं. पण गाताना हेडफोनमध्ये माझा आवाज दोनदा ऐकू येतो, दुसऱ्यांदा किंचित उशिरा. त्यात लय सुटते. ब्लूटूथ हेडफोन लावून पाहिला, तर प्रकरण आणखी बिघडलं. स्पीकर चालू केला की शिट्टी वाजते. गंमत म्हणजे रेकॉर्ड झालेला आवाज एकच असतो, फक्त ट्रॅकच्या जरा मागे पडलेला. मुलगा म्हणतो, लॅपटॉप जुना झालाय, नवा घे. घेऊ का?
– एक वाचक, मुलुंड (पूर्व)

उत्तर: नको. निदान या कारणासाठी तरी नको.

निम्मं निदान तुम्हीच करून पाठवलं आहे. रेकॉर्ड झालेला आवाज एकच आहे, म्हणजे माईक, केबल आणि इंटरफेस आपापलं काम नीट करताहेत. आवाज आत जाताना काही बिघडत नाही. तो तुमच्या कानाशी परत येताना घोळ होतो. परत यायला त्याला दोन वाटा आहेत आणि सध्या तुमच्याकडे दोन्ही उघड्या आहेत.

पहिली वाट इंटरफेसच्या आतल्या आत. माईकमधून आलेला आवाज तिथूनच वळून हेडफोनकडे जातो, लॅपटॉपला पत्ताही लागत नाही. इंटरफेसच्या दर्शनी बाजूला ‘डायरेक्ट मॉनिटर’ लिहिलेलं बटण असेल, किंवा एका टोकाला ‘इनपुट’ आणि दुसऱ्या टोकाला ‘प्लेबॅक’ असलेली गोल कळ असेल, ती या वाटेची. दुसरी वाट लांबची: इंटरफेसमधून यूएसबीने लॅपटॉपमध्ये, तिथे सॉफ्टवेअरमध्ये, आणि त्याच वायरने परत.

ट्रॅक बंद ठेवा, हेडफोन घाला आणि माईकपासून वीतभर अंतरावर चुटकी वाजवा. एका चुटकीच्या दोन ऐकू आल्या, तर दोन्ही वाटा चालू आहेत. आता सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग बंद करा. रीपर किंवा क्यूबेस असेल तर ज्या ट्रॅकवर गाणार आहात त्यावर छोट्या स्पीकरचं चित्र असलेलं बटण असतं. ऑडॅसिटी असेल तर आत येणारा आवाज ऐकवण्याचा पर्याय, जुन्या आवृत्त्यांत त्याचं नाव ‘सॉफ्टवेअर प्लेथ्रू’. रेकॉर्डिंगवर याचा काही परिणाम होत नाही, बंद होतं ते फक्त तुम्हाला ऐकवणं. पुन्हा चुटकी वाजवा. आता ती एकदाच आणि बोटांबरोबरच ऐकू यायला हवी. बहुतेक घरांत दुखणं इथेच संपतं.

लांबच्या वाटेला उशीर का लागतो? संगणक आवाज सलग वाहून नेत नाही, गठ्ठे बांधून नेतो. सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले जातात आणि ठरावीक संख्या जमली की गठ्ठा पुढे जातो. त्या संख्येला ‘बफर’ म्हणतात. बफर ५१२ असेल तर गठ्ठा भरायलाच सुमारे १२ मिलिसेकंद लागतात, परतीचा गठ्ठा आणखी तेवढाच वेळ घेतो. वर इंटरफेसचं आणि ड्रायव्हरचं थोडं थोडं. मिळून तीसच्या आसपास. विंडोजचा साधा ड्रायव्हर वापरलात तर याहून बराच जास्त उशीर होऊ शकतो. तो टाळण्यासाठी स्टाइनबर्ग कंपनीने १९९७ साली एसिओ ही पद्धत आणली. तुमच्या इंटरफेसच्या कंपनीचा एसिओ ड्रायव्हर तिच्या संकेतस्थळावर असेल, तो आधी टाका.

तीस मिलिसेकंद म्हणजे किती, ते अंतरात मोजून बघा. मुंबईच्या उकाड्यात आवाज सेकंदाला साधारण ३५० मीटर जातो, म्हणजे तीस मिलिसेकंदांत दहा मीटरच्या थोडं पुढे. कालिदास नाट्यमंदिरात तुम्ही रंगमंचावर गाताय आणि तुमचा आवाज प्रेक्षागृहातल्या मधल्या रांगेतून तुम्हाला ऐकवला जातोय, असं समजा. भजनात तबलजी दोन हातांच्या अंतरावर असतो, त्याचा ठेका तीनेक मिलिसेकंदांत कानावर येतो, म्हणून काही खटकत नाही. शिवाय गाणाऱ्याचं दुखणं वादकापेक्षा मोठं. तुमचा आवाज कवटीच्या हाडांतून तुम्हाला तत्क्षणी ऐकू येतच असतो. त्याच्यावर हेडफोनमधला उशिराचा आवाज आदळला की उशीर अगदी थोडा असला तरी आवाज पोकळ, डब्यातून आल्यासारखा वाटतो. उशीर वाढला की लय जाते.

आणखी वाढला की जीभच अडखळते. बर्नार्ड ली या अमेरिकन संशोधकाने १९५० साली हे दाखवून दिलं: माणसाला त्याचंच बोलणं सेकंदाच्या पाचव्या हिश्शाएवढ्या उशिराने ऐकवलं, तर चांगला बोलणारासुद्धा तोतरा होतो. साधे ब्लूटूथ हेडफोन नेमके याच टप्प्यातला उशीर करतात. सिनेमा पाहताना तो कळत नाही, कारण फोन चित्रही तेवढंच थांबवून दाखवतो. गाण्याला थांबवणार कोण? तेव्हा ब्लूटूथ प्रवासासाठी ठेवा. रेकॉर्डिंगला वायरचा, कान पूर्ण झाकणारा हेडफोन हवा. लॅमिंग्टन रोडला कामचलाऊ स्वस्तातही मिळतो, मात्र दुकानात कानावर चढवून, आवाज मोठा करून, बाहेर किती झिरपतो ते सोबतच्याला ऐकायला सांगा. झिरपणारा तानपुरा आणि ठेका माईक पकडतो आणि मग तो तुमच्या गाण्यातून काढता येत नाही.

हा उशीर संगणकाने जन्माला घातला, असं मात्र नाही. टेपच्या यंत्रात आवाज भरणारं हेड आणि वाजवणारं हेड यांच्यात अंतर असायचं. ते दोन इंच असलं आणि टेप सेकंदाला १५ इंच वेगाने धावत असली, तर आधीच्या ट्रॅकवर नवा आवाज चढवताना १३३ मिलिसेकंदांचा फरक पडणार. अमेरिकेच्या अँपेक्स कंपनीने १९५० च्या दशकात यावर तोड काढली: भरणाऱ्या हेडकडूनच जुना ट्रॅक वाजवून घ्यायचा. आपल्याकडे ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये किंवा वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत वाद्यवृंद आणि गायक एकत्रच गाणं भरत असत, तेव्हा हा प्रश्न फारसा उठलाच नाही. एकाने चूक केली की सगळ्यांनी पहिल्यापासून, हा त्रास वेगळा! पुढे ट्रॅकवर ट्रॅक चढवायची पद्धत रुळली, अंधेरीच्या इमारतींमधून एकेका खोलीचे स्टुडिओ निघाले, आणि आता तेच काम तुमच्या बेडरूममध्ये येऊन बसलं आहे.

डायरेक्ट मॉनिटरला एक किंमत आहे. आवाज कोरडा येतो, आणि भावगीत गाणाऱ्याला कोरड्या आवाजात सूर लावणं नकोसं वाटतं. यावर एक युक्ती आहे, मला फार आवडते. सॉफ्टवेअरचं मॉनिटरिंग पुन्हा चालू करा, त्या ट्रॅकवर रिव्हर्ब लावा आणि त्यात मूळ आवाज शून्य, रिव्हर्ब शंभर टक्के ठेवा. मूळ आवाज जवळच्या वाटेने तत्काळ येईल, लांबच्या वाटेने फक्त त्याचा घुमारा. घुमारा मोठ्या सभागृहातही उशिराच येतो, त्यामुळे तीस मिलिसेकंद कानाला खुपत नाहीत. फाइलमध्ये कोरडाच आवाज भरला जातो, रिव्हर्ब नंतर हवा तेवढा ठेवता येतो.

रेकॉर्डिंग मागे पडतं, त्याचं कारण वेगळं. तुम्ही ट्रॅक ऐकता तो उशिरा, त्यावर गायलेलं आत पोचतं ते आणखी उशिरा. सॉफ्टवेअरने तेवढं मागे सरकवून घ्यायला हवं. एसिओ ड्रायव्हर असला की रीपर, क्यूबेस हे बहुधा आपणहून करतात. ऑडॅसिटीत यासाठी ‘लेटन्सी कॉम्पेन्सेशन’चा आकडा असतो. तो मुळात उणे १३० मिलिसेकंद ठेवलेला येतो आणि तुमच्या यंत्राला लागू पडेलच असं नाही. ब्लूटूथ काढून वायरचा हेडफोन लावा, तो माईकला चिकटवा, मेट्रोनोम वाजवा आणि त्याचंच रेकॉर्डिंग करा. मग दोन्ही लहरी मोठ्या करून शेजारी ठेवा. टोकांमध्ये जितकं अंतर दिसेल, तितकी दुरुस्ती करा.

गाताना बफर १२८ वर आणून बघा. चरचर, टिकटिक ऐकू आली तर २५६ करा. नंतर मिक्सिंगला १०२४ ठेवलात तरी बिघडत नाही, तेव्हा कुणी गात नसतं. पण तुमचा आवाज लॅपटॉपमधून परत येतच नसेल, तर हा आकडा फारसा महत्त्वाचा नाही. इतक्या मंडळींना बफरशी झटापट करताना पाहतो, आणि डायरेक्ट मॉनिटरचं बटण समोरच असतं.

स्पीकरची शिट्टी म्हणजे माईकने स्पीकर ऐकला, स्पीकरने पुन्हा माईक. गाताना स्पीकर बंद, विषय संपला. आवाज फक्त डाव्या कानात येत असेल तर मॉनिटरची कळ ‘स्टीरिओ’वरून ‘मोनो’वर करा. सूर चढा-उतरा लागतोय असं वाटलं तर हेडफोनचा आवाज कमी करा आणि एक कान अर्धा उघडा ठेवा. पुष्कळ गायक तसंच गातात.

गाण्याआधी मिनिटभर काही न करता नुसता हेडफोन घालून बसा, माईक चालू ठेवून. कंडेन्सर माईक तुमच्या कानांपेक्षा चौकस असतो. पंखा तुम्हाला सवयीने ऐकूच येत नाही, त्याला येतो. शेजारच्या कुकरची शिट्टी, सोसायटीचा पाण्याचा पंप, जलद गाडीचा भोंगा, सगळं त्यात असतं. पंप किती वाजता सुरू होतो ते वॉचमनला विचारून ठेवा, टेक वाया जाणार नाहीत.

मुलाला सांगा, लॅपटॉपवर घालायचे पैसे आधी हेडफोनवर घालू. एवढं करूनही उशीर राहिलाच, तर इंटरफेसचं मॉडेल, ड्रायव्हरचं नाव आणि बफरचा आकडा लिहून कळवा. चुटकी एकदा ऐकू येते की दोनदा, तेही लिहा.