पानिपतची दुसरी चादर

पानिपतच्या बाजारात ‘चादर’ मागितली, की दुकानदार पलंगाचं माप विचारतो. हातमागाचंच शहर ते. छपरासाठी हवी असेल तर ‘सिमेंटवाली’ म्हणावं लागतं. आपल्याकडचा सिमेंटचा पत्रा तो हाच. दरवर्षी १४ जानेवारीला काला अंबच्या स्मारकापाशी मराठी माणसं जमतात. तिथे तिळगुळासोबत नव्या बिऱ्हाडाला घर निवडण्याचे सल्लेही मिळतात, आणि त्यात या चादरीचा विषय हटकून निघतो.

या पत्र्यात सिमेंटला बळकटी देतात ते ॲस्बेस्टॉसचे तंतू. ब्रिटनने १९९९ मध्ये आणि ऑस्ट्रेलियाने २००३ च्या अखेरीस त्यावर पूर्ण बंदी घातली. म्हणूनच मेलबर्नची मावशी व्हिडिओ कॉलवर इथलं छत पाहून दचकते. भारतात निळा ॲस्बेस्टॉस चालत नाही, पण पांढऱ्याचे पत्रे आजही उघड विकले जातात. त्यामुळे सावध करायला दुकानदार येणार नाही. तंतू श्वासातून गेले तर फुप्फुसाचे विकार आणि कर्करोग दशकांनी डोकं वर काढतात. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये या उद्योगातल्या कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी किमान ४० वर्षं जपायला सांगितलं, ते याचमुळे.

अखंड पत्रा मात्र गप्प बसलेला असतो. त्याला बोलकं करतं ते आपलं अवजार.

डिश अँटेनासाठी ड्रिल, चिमणीसाठी ग्राइंडर, शेवाळ काढायला तारेचा ब्रश किंवा पाण्याचा जोरदार फवारा: यातलं काहीच नको. दिवाळीच्या साफसफाईत पत्र्याखालची धूळ कोरड्या झाडूने झाडू नये, ओल्या फडक्याने टिपावी. नुसतं बघून ॲस्बेस्टॉस ओळखता येत नाही. जुना पत्रा असेल तर तो आहेच असं धरून चालावं.

पतंग काढायला किंवा गळती बघायला पत्र्यावर चढणं हा त्याहून तातडीचा धोका. जुना पत्रा माणसाच्या वजनाने एकदम फुटतो, आणि माणूस थेट खालच्या फरशीवर येतो.

माकडांच्या उड्यांनी तुकडा पडलाच, तर आधी पंखा आणि कूलर बंद. मुलांना बाहेर काढावं. तुकड्यांवर साबणाच्या पाण्याचा हलका शिडकावा करावा, जाड प्लास्टिकच्या दुहेरी पिशवीत भरून तोंड बांधावं आणि पुसायचं फडकंही त्यातच टाकावं. व्हॅक्यूम क्लीनर लावू नये, तो तंतू पुन्हा हवेत सोडतो. तोंडाला गमछा गुंडाळणं पुरेसं नाही. नीट बसणारा एन-९५ तरी हवाच.

छत बदलायचं तर मिस्त्रीला आधीच बजावावं: पत्रे ओले करून, हुक बोल्ट कापून अख्खे उतरवायचे, वरून टाकायचे नाहीत. तुकडे भंगारवाल्याला किंवा खड्डा बुजवायला देऊ नयेत. विल्हेवाटीबद्दल महापालिकेकडे किंवा राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे विचारावं.

भाड्याच्या घरात ही जबाबदारी कुणाची, ते करारातच लिहून घ्यावं. सही करण्याआधी गच्चीवरची खोली, जिन्यावरचा आडोसा आणि पाण्याची जुनी टाकी दिवसाउजेडी पाहावी. तडा दिसला तर फोटो काढून मालकाला पाठवावा आणि दुरुस्ती सामानाचा ट्रक यायच्या आत उरकून घ्यावी.