घरचे हॉटेल : या सुटीचा गृहपाठ



या वेळचा गृहपाठ स्वयंपाकघरात करावयाचा आहे. इंदूरच्या मुलांना सराफा आणि छप्पन दुकानची ओळख करून द्यावी लागत नाही. पण तेथील पाट्यांवर मराठी क्वचितच दिसते, आणि घरी मराठी बोलणारी आपली पुष्कळ मुले लिहिताना ‘पाणी’चे ‘पानी’ व ‘डाळ’ची ‘दाल’ करतात. माझेही शिक्षण हिंदी माध्यमातून झाले; हिंदीशी आपले वैर नाही. तरीपण एका रविवारी रात्रीचे जेवण हॉटेलसारखे करावे, आणि त्याचे सारे लिखाण मराठीत व्हावे.

पदार्थ थोडेच ठेवा. पनीर मखनीला चार जणांसाठी पाव किलो पनीर, ५-६ टोमॅटो, १ कांदा, १५ काजू व थोडे आले-लसूण पुरे. पनीर सोडून बाकी सारे थोड्या पाण्यात मऊ शिजवा, गार झाल्यावर मिक्सरमधून काढा आणि गाळणीतून गाळा. हॉटेलातला रस्सा गुळगुळीत लागतो तो बराचसा या गाळण्यामुळे. घरी आपण नेमका त्याचाच कंटाळा करतो. गार वाटण गाळणीवर चमच्याने फिरवण्याचे काम पाच वर्षांचे मूलही आनंदाने करते. लोण्यावर तिखट जरासे परतून त्यात हा रस, मीठ, चिमूटभर साखर घालून उकळी आणा, मग पनीर घाला. शेवटी कसुरी मेथी. ती मुलांनी तळहातावर चुरडून द्यावी. (तिचे नाव पंजाबातील कसूर गावावरून पडले. १९४७ पासून ते पाकिस्तानात आहे. नकाशात शोधा.)

तंदुरी रोटी तव्यावरही होते. जाडसर लाटून एका बाजूला पाणी लावा, ओली बाजू तापलेल्या लोखंडी तव्यावर चिकटवा, फोड आले की तवाच आचेवर उलटा धरा. नॉनस्टिक तव्यावरून रोटी खाली पडेल. गॅस, सुरी व मिक्सर मोठ्यांकडेच.

जोडीला केळ्याची कोशिंबीर, तळलेला पापड व गुळाचे सरबत. ही निवड मुद्दाम केली आहे. हिंदीच्या रोजच्या लिखाणात ‘ळ’ येत नाही, म्हणून मुलांचा हात तेथेच अडतो. मेन्यूकार्ड मुलानेच लिहावे.

मूल वेटर, आजी-आजोबा गिऱ्हाईक. कोणी ‘प्याज’ मागितला तर वेटरने “कांदा का?” असे विचारावे आणि खुशाल ताटकळत ठेवावे.

बिल दुकानाच्या पावत्यांवरून करा : एकूण खर्च भागिले ताटे. रक्कम अक्षरीही लिहा. ‘पैंतालीस’ नव्हे, पंचेचाळीस. ‘उनचास’ नव्हे, एकोणपन्नास. अक्षरी रक्कम बरोबर असल्याशिवाय आजोबांनी पैसे देऊ नयेत.

मेन्यूकार्ड व बिल सुटीनंतर वर्गशिक्षिकेकडे द्यावे. पालकांनी स्वच्छ नक्कल करून देऊ नये. खाडाखोड आणि लोण्याचे डाग चालतील.

– मुख्याध्यापक