आलाव्याच्या सात कुआद्रिया

गेल्या वर्षी भूगोलाच्या चाचणीत स्पेनमधील आलावा प्रांताच्या विभागांवर प्रश्न होता. मी 'सात तालुके' असे लिहून मोकळा झालो. सरांनी आकडा बरोबर ठरविला, पण 'तालुके' या शब्दाखाली लाल रेघ ओढली. त्या रेघेचा अर्थ शोधता शोधता हा लेख तयार झाला.

बास्क स्वायत्त प्रदेशाच्या तीन प्रांतांपैकी आलावा हा दक्षिणेकडचा आणि विस्ताराने सर्वांत मोठा प्रांत. त्याच्या विभागांना 'कुआद्रिया' म्हणतात. उत्तरेस नेर्बिओन नदीच्या खोऱ्यात आयाला, गोर्बेया पर्वताच्या पायथ्याशी गोर्बेयाल्देया, पश्चिमेस मिठागरांचे आन्याना, पूर्वेस धान्य पिकविणारे सपाट यानादा, आग्नेयेस डोंगराळ कांपेसो आणि दक्षिणेस एब्रो नदीपर्यंत पसरलेल्या द्राक्षमळ्यांचे लाग्वार्दिया. राजधानी वितोरिया-गास्तेइस ही एकटीच सातवी कुआद्रिया होय.

डोंगर-नद्यांनी सीमा सुचविल्या हे खरे. पण कुआद्रियांचे मूळ निराळे आहे. मध्ययुगाच्या अखेरीस सरदारांची दंडेली आणि वाटमारी यांना तोंड देण्यासाठी येथील गावांनी 'एर्मान्दाद' म्हणजे बंधुसंघ उभारले. १४६३ मध्ये त्यांची नियमावली ठरली. या संघांचे गट म्हणजे जुन्या कुआद्रिया. त्यांची आजची रचना १९८९ च्या प्रांतिक कायद्याने झाली.

या रचनेचा पाया 'कोन्सेखो', म्हणजे गावाचा स्वतःचा कारभार. असे तीनशेहून अधिक कोन्सेखो आहेत. गायरान, जंगल, पाणी यांची व्यवस्था गावकरीच पाहतात. गावाने मिळून केलेल्या श्रमदानाला बास्क भाषेत 'आउसोलान' असा शब्द आहे. त्यांच्या वर ५१ पालिका, आणि पालिकांच्या प्रतिनिधींनी चालविलेली ती कुआद्रिया. कचरा उचलण्यासारखी जी कामे लहान पालिकेला एकटीने झेपत नाहीत, ती कुआद्रिया करते.

आता खरा प्रश्न असा, की प्रांतातील सुमारे तीन-चतुर्थांश लोक एकट्या वितोरियात राहतात. मग बाकीच्यांचे कोण ऐकणार? म्हणून प्रांतिक सभेच्या ५१ जागांसाठी वितोरिया, आयाला आणि उरलेल्या पाच कुआद्रियांचा एक, असे तीन मतदारसंघ आहेत. शहर मोठे असले तरी खेड्यांच्या जागा त्याच्या पोटात गडप होत नाहीत.

तालुका म्हणजे सरकारने कारभारासाठी पाडलेला जिल्ह्याचा तुकडा. कुआद्रियेवर कायद्याचा शिक्का असला, तरी ती मुळात गावांनी एकमेकांचा हात धरून बांधलेली मोट आहे. सरांची ती लाल रेघ आता मला पूर्णपणे पटली आहे.