आधी वार विचारा

मोरोक्कोच्या सहलीला गेलेल्या बहुतेकांना रिसानी हे गाव गाडीच्या खिडकीतूनच दिसते. फेजहून निघून ॲटलास पर्वत ओलांडला की रस्ता झिझ नदीच्या काठाने दक्षिणेला उतरतो. एर्राशिदिया मागे पडते, अर्फूद मागे पडते आणि तिथून वीस-बावीस किलोमीटरवर रिसानी येते. पैसे ज्याच्यासाठी भरले ते सगळे याच्या पुढे, मर्झूगाला: वाळूच्या टेकड्या, उंटावरची फेरी, तंबूतला मुक्काम. रिसानीच्या वाट्याला अर्धा तास येतो. दुपारच्या उन्हात बंद दुकाने दिसतात, विटलेल्या मातीच्या भिंती दिसतात, आणि परत आल्यावर विचारणाऱ्याला सांगितले जाते की तिथे बघण्यासारखे काही नाही. हा निकाल चुकीच्या वारी गेलेल्या माणसाचा असतो. अशा माणसांत माझाही नंबर लागतो. ती हकीगत सांगत बसत नाही, कारण तीत माझ्या आळसापलीकडे काही नाही. पण चूक नेमकी कुठे होते हे समजून घेण्यासारखे आहे. आपण अशा गावात प्रेक्षक म्हणून जातो. ते गाव मात्र बाजारकऱ्यांसाठी भरते आणि तेही ठरलेल्या वारीच: रविवार, मंगळवार, गुरुवार. उरलेल्या दिवशी जे दिसते ती बाजार उठल्यानंतरची जागा.

हे असे का, याचे उत्तर नदीत आहे. झिझ ॲटलासमध्ये उगम पावते आणि समुद्राला न मिळता वाळवंटात जिरून जाते. जिरण्याआधी तिने जो शेवटचा मोठा हिरवा पट्टा उभा केला तो तफिलाल्त, आणि रिसानी त्याच्या मध्यावर आहे. कालव्याच्या भाषेत सांगायचे तर हे टेलचे गाव. १९६५ च्या नोव्हेंबरमधल्या महापुरानंतर एर्राशिदियाजवळ हसन अद्दाखिल धरण बांधले गेले, ते १९७१ मध्ये पूर्ण झाले. पूर आटोक्यात आला, पण पुराबरोबर शेतात येणारे पाणीही धरणाच्या दरवाजामागे गेले. आता वर्षात मोजकीच आवर्तने सुटतात, आणि टेलच्या शेतकऱ्याचे दुःख काय असते हे महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगायची गरज नाही. पाणी असे तुटक असल्यामुळे वस्तीही विखुरलेली. लोक राहतात ते क्सारमध्ये, म्हणजे कुडाच्या नव्हे तर साच्यात माती ठासून बांधलेल्या जाड तटबंदीच्या गावांत, आणि अशी गावे खजुराच्या बनात दूरदूर पसरलेली. या सगळ्यांना मीठ, साखर, फाळ, बी-बियाणे आणि सोयरिकीच्या बातम्या एकाच ठिकाणी मिळाव्यात म्हणून रिसानी आहे. आधी बाजार आणि मग त्याच्याभोवती गाव, असा इथला क्रम आहे. तो उलटा धरला की काहीच हाती लागत नाही.

ही सवय जुनी आहे. रिसानीच्या कडेला मातीचे उंचवटे आणि काही भग्न भिंती आहेत, ते सिजिलमासा. इसवी सन ७५७ च्या सुमारास वसलेले हे शहर सहारापारच्या सोन्या-मिठाच्या व्यापाराचे उत्तरेकडचे नाके होते आणि चौदाव्या शतकाच्या अखेरीस ते ओस पडू लागले. आज तिथे जाऊन फार काही दिसत नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण इब्न बतूता इथे काय करत होता हे लक्षात ठेवून त्या उंचवट्यांकडे पाहावे. १३५२ च्या फेब्रुवारीत माली देशाकडे जाणाऱ्या तांड्याबरोबर तो इथून निघाला. त्याआधी त्याने उंट विकत घेतले आणि त्यांच्या चार महिन्यांच्या चाऱ्याची सोय केली. चीनपर्यंत जाऊन आलेला प्रवासी, पण इथे आला तो खरेदीलाच. इथल्या खजुराचा दर्जाही त्याने गिऱ्हाइकाच्या जिभेने ठरवला आणि बसऱ्याच्या खजुरापेक्षा तो सरस ठरवला.

आता सकाळच्या बाजारात काय बघायचे? पहिल्यांदा गाढवतळ. वाहनतळाऐवजी हा शब्द मी मुद्दाम वापरतो, कारण भिंतीच्या आडोशाला दावणीने बांधलेली गाढवे हीच अनेकांची वाहने आहेत. अलीकडे त्यांच्या शेजारी तीनचाकी मालवाहू मोटारसायकली वाढल्या आहेत. गाढवांच्या पाठीवर काय बांधले आहे ते वाचले की शेतात काय चालले आहे ते कळते. लसूणघासाच्या हिरव्या पेंढ्या असतील तर कुणाच्या तरी शेताला नुकते पाणी मिळाले आहे. इथली शेती तीन मजल्यांची असते: वर खजूर, त्याच्या सावलीत डाळिंब, अंजीर, जैतून, आणि तळाशी जव, गहू, भाजी आणि हा लसूणघास. वरची सावली नसेल तर खालचे पीक करपते, म्हणजे खजुराचे झाड हे फळझाड तर आहेच, शिवाय खालच्या शेताचे छप्परही आहे. म्हणूनच बायूद या बुरशीजन्य रोगाने केलेले नुकसान झाडांच्या आकड्यावरून पूर्ण कळत नाही. झाडाची पाने पांढरी पाडून त्याला मारणाऱ्या या रोगाने शंभरेक वर्षांत मोरोक्कोतली एक कोटीच्या घरातली झाडे नेली. आपल्याकडे रमझानच्या दिवसांत मोहम्मद अली रोडवर ज्याच्या पेट्या लागतात तो मेडजूल खजूर याच परिसरातला, आणि रोगाला चटकन बळी पडणारा. १९२७ मध्ये शेजारच्या बूदनीबहून एका निरोगी झाडाचे ११ फुटवे अमेरिकेत नेले गेले, त्यांतले ९ जगले. कॅलिफोर्नियातल्या मेडजूलच्या बागा त्यांच्या वंशातल्या. खजुरासमोर उभे राहून नुसते फोटो काढणाऱ्याला यातले काही कळत नाही. अर्धा किलो घेणाऱ्याला कळते, कारण विक्रेता एक फळ फोडून आतली बी दाखवतो आणि कीड नसल्याची खात्री पटवतो, मेडजूल आणि त्याच्या शेजारी ठेवलेला स्वस्त, मिश्र खल्त यांच्या भावातला फरक सांगतो, आणि फरक का, हे विचारले की गोष्ट पाण्यापाशी येतेच. एक सावधगिरी मात्र हवी: खजुराची काढणी सप्टेंबर ते नोव्हेंबर. मार्चमध्ये कुणी 'कालच उतरवला' म्हणाला तर हसून पुढे जावे. मार्च हा नर फुलोरा मादी फुलोऱ्यात हाताने खोचण्याचा हंगाम आहे. त्या दिवसांत बाजारात बघण्यासारखी चीज फळ नव्हे, तो फुलोराच.

यावर आक्षेप येतो की आठवडी बाजार आपल्याकडे कमी आहेत का? गाढवे, धूळ आणि भाजीच्या पाट्या बघायला एवढे विमानभाडे कशाला? आक्षेप वजनदार आहे, पण मला तो माझ्याच बाजूचा वाटतो. युरोपातून येणारा पाहुणा हा बाजार रंगांसाठी बघतो, त्याला दुसरे काही साधन नाही. गुरांच्या बाजारात मेंढीच्या पाठीवर हात दाबून मांस किती ते चाचपणारा म्हातारा बघून आपल्याला कळते की सौदा कुठपर्यंत आला आहे. पाण्याचेही तसेच. तफिलाल्तमध्ये खेत्तारा म्हणून भूमिगत पाट आहेत. भूजल उताराने कित्येक किलोमीटर वाहून आणायचे आणि साफसफाईसाठी ठरावीक अंतरावर विहिरीसारखी भोके ठेवायची. अर्फूदहून पश्चिमेला जाताना माळावर वारुळांची रांग दिसते ती या भोकांतून काढलेली माती. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरला, जी नहर आणली ती याच कुळातली. पाण्याचा हक्क इथे वेळेत मोजतात, अमक्या घराची अमक्या वेळेची पाळी. रात्री दारे धरायला गेलेल्या कुठल्याही मराठी शेतकऱ्याला, विशेषतः पांझरा-मोसम नद्यांवरच्या फड पद्धतीतल्या, ही भाषा परकी नाही. पंपाच्या मोटारी आल्या, विहिरी खोल गेल्या आणि बऱ्याच खेत्तारा कोरड्या पडल्या, हेही आपल्याला नवे नाही. घरचे ओळखीचे असल्यामुळे परके अधिक नेमके दिसते; त्यासाठी तिकीट काढणे मला वाया गेल्यासारखे वाटत नाही.

दुसरा आक्षेप वेळेचा: सहल कंपनीने ठरवलेली, आपल्या हाती काय? इथे बोटांवर हिशोब करून पाहावा. वाळूत एकच मुक्काम असेल तर जाण्याचा किंवा परतीचा यांपैकी एक दिवस बाजाराचा निघतोच. फक्त शुक्रवारी जाऊन शनिवारी परतणारा हुकतो. त्यातही परतीचा दिवस चांगला. सूर्योदय बघून, न्याहारी करून मर्झूगा सोडले की तासाभरात रिसानी येते आणि बाजार तेव्हा भर चढलेला असतो. दुपारी एकनंतर तो विरतो. म्हणजे शनिवारी, सोमवारी किंवा बुधवारी मर्झूगाला पोचायचे, बस. गटाने जाणाऱ्यांनी बुकिंगच्या वेळीच हे लेखी मागावे. तारीख एका दिवसाने सरकवायला तेव्हा काही लागत नाही. गाडीत बसल्यावर चालकाच्या विनवण्या करून उपयोग नसतो, त्याला मार्राकेशला पोचायचे असते.

तिसरी भीती फसवणुकीची, आणि ती निराधार नाही. रस्त्यावर आपणहून वाट दाखवायला येणारा माणूस शेवटी गालिच्याच्या किंवा जीवाश्मांच्या दुकानात नेतो, आणि त्याचा मोबदला आपल्या बिलात मिसळलेला असतो; जीवाश्मांत घडवलेला माल कोणता हे नवख्याला ओळखता येत नाही. पण त्यावर उपाय म्हणून गाडीतच बसून राहणे म्हणजे पडशाला घाबरून अंघोळ सोडणे. भाजी, खजूर, मसाले, मेंढ्या यांच्या भागात दलालाला रस नसतो, कारण तिथे कमिशन सुटत नाही. तिथेच फिरावे. एक गोष्ट मात्र आधी पाठ करून जावी: खेड्यातले, विशेषतः जुने लोक भाव अजून रियालमध्ये सांगतात. रियाल नावाचे नाणे आता हातात येत नाही, तो हिशोबाचा जुना आकडा आहे. एका दिरहमचे वीस रियाल. जुडीचे चाळीस सांगितले तर ते दोन दिरहम. हे माहीत नसलेला पाहुणा चाळीस दिरहमच्या कल्पनेने भडकतो, नाहीतर तेवढे काढून देतो. समोरचा माणूस लबाड नसतो. आपली आजी रुपयाला सोळा आणे धरून बोलत असे तसाच तो बोलत असतो. शंका आली की आकडा कागदावर लिहून 'दिरहम?' असे विचारावे. सुटे पैसे जवळ असावेत, कार्ड इथे चालत नाही.

बाकीचे थोडक्यात. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी गाव थंडावते. रमझानात दिवसा खाणावळी बंद असतात, शिवाय मोरोक्को त्या महिन्यात आपले घड्याळ एक तास मागे घेतो, तेव्हा गाड्यांच्या वेळा पुन्हा विचाराव्यात. उन्हाळ्यात पारा चाळीसच्या बराच वर जातो. कोरड्या पात्रात गाडी उभी करू नये. सप्टेंबर २०२४ मध्ये याच भागात आलेल्या पुराने नदी मेलेली नसते हे दाखवून दिले. आजच्या राजघराण्याचा मूळपुरुष मौले अली शरीफ याची समाधी गावाशेजारी आहे. गैरमुस्लिमांनी कबरीच्या दालनात जायचे नसते, बाहेरून बघावे. आणि कॅमेरा. काळ्या वस्त्रात खरेदीला आलेल्या बायकांचे फोटो न विचारता काढू नयेत, आणि विचारल्यावर नाही म्हणाल्या तर हसून हात जोडावेत. पिशवीत चार वस्तू असलेल्या माणसाकडे लोक वेगळ्या नजरेने बघतात, फोटोची परवानगीही त्यालाच सहज मिळते.

पिशवी भरण्याआधी एक काम मात्र करून ठेवावे. मदफूना ही इथली भरलेली जाड भाकरी. मदफून म्हणजे पुरलेले. आत खिमा, कांदा, मसाला, बरेचदा चरबी. न खाणाऱ्यांनी फक्त भाजीची आणि चरबी न घातलेली असे स्पष्ट सांगून घ्यावे. ती तयार मांडून ठेवलेली नसते. बाजारात शिरतानाच सांगावी लागते, मग मळणे, भरणे, भट्टीत जाणे यात तासभर जातो. किती माणसांची, किती वाजता, एवढे पक्के करून गाढवतळाकडे निघावे.