मुलांच्या मनोविकारांत नाल्ट्रेक्झोन : उपयोग आणि मर्यादा

स्वमग्न मूल वारंवार डोके भिंतीवर आपटते, स्वतःचा हात रक्त येईपर्यंत चावते, तेव्हा आई-वडिलांची असहायता शब्दांत मांडता येत नाही. अशा पालकांकडून ‘नाल्ट्रेक्झोन’ या औषधाविषयी विचारणा होत असते. म्हणून त्याची माहिती येथे देत आहोत.

अफू, मॉर्फीन, कोडीन हे पदार्थ मेंदूतील ज्या रिसेप्टरांवर कार्य करतात, तेच रिसेप्टर हे औषध अडवून धरते. अमेरिकेत १९८४ साली अफूवर्गीय पदार्थांच्या आणि १९९४ साली मद्याच्या व्यसनावरील उपचारासाठी त्यास मान्यता मिळाली. अठरा वर्षांखालील रुग्णांसाठी मात्र तेथे अशी मान्यता नाही.

इजा झाली की शरीर एंडॉर्फिन ही वेदनाशामक द्रव्ये स्वतःच निर्माण करते. १९७९ साली याक पांकसेप या शास्त्रज्ञांनी स्वमग्नतेचा संबंध या द्रव्यांच्या आधिक्याशी जोडला. इजेनंतर मिळणाऱ्या आरामामुळेच काही मुले ती कृती पुन्हा करत असावीत, असाही तर्क मांडला गेला. हा आराम रोखल्यास सवय सुटेल, ही आशा त्यातूनच निर्माण झाली.

ती अंशतःच फळाला आली. न्यूयॉर्क येथे माग्दा कॅम्पबेल व सहकाऱ्यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुलांची अतिचंचलता घटली, परंतु शिकण्यात सुधारणा आढळली नाही. स्वतःला इजा करण्याचे प्रमाण काही मुलांत कमी होते, काहींत होत नाही. स्वमग्नता बरी करणारे हे औषध नव्हे, हे आम्ही पालकांना प्रथमच स्पष्ट सांगतो.

औषध सुरू करण्यापूर्वी यकृताची तपासणी आवश्यक असते. कोडीनयुक्त खोकल्याचे औषध वा अफूवर्गीय वेदनाशामक चालू असल्यास ते आधीच सांगावे. अन्यथा तीव्र त्रास उद्भवू शकतो. शस्त्रक्रियेच्या वेळीही डॉक्टरांना या औषधाची कल्पना द्यावी, कारण नेहमीची तीव्र वेदनाशामके निष्प्रभ ठरू शकतात.

त्याहीपूर्वी मुलाचे दात, कान व पोट तपासावे. ज्याला बोलता येत नाही, त्याचे दुखणे कधी कधी असेच व्यक्त होते. त्यानंतर वर्तनोपचार आणि रोजची नोंदवही. औषध दिल्यास त्याच नोंदींवरून लाभ पडताळावा आणि लाभ नसल्यास वैद्यकीय सल्ल्याने ते थांबवावे. या कामी गोळीपेक्षा समुपदेशकाचा वेळच अधिक लागतो. देणगीदारांच्या साहाय्याचे खरे मोल आम्हाला तेथेच जाणवते.