सिमेंटचा पत्रा आणि फुप्फुसाचे अस्तर

फुप्फुसाचा कर्करोग म्हटला की आपल्याला प्रथम विडी-सिगारेट आठवते, आणि ते योग्यच आहे. परंतु छातीत होणारा एक कर्करोग असा आहे की त्याचा विडीशी संबंध नाही. तो क्वचित होतो. पण झाला म्हणजे बहुतेक रोग्यांच्या हाती वर्ष-दीड वर्षाचाच काळ उरतो. त्याचे नाव मेसोथेलिओमा. या रोगाची ओळख करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मी इंदूरच्या खजराना भागात राहतो. येथील गणपतीमुळे हे नाव महाराष्ट्रातील भाविकांनाही परिचित आहे. आमच्या भागात दुकाने, गोदामे, भाड्याच्या खोल्या यांवर नालीदार सिमेंटचे पत्रे दिसतात. मराठी व कानडी मुलखातही मंगलोरी कौलांच्या जागी पुष्कळ ठिकाणी हेच पत्रे आले आहेत. स्वस्त, न गंजणारे, वर्षानुवर्षे टिकणारे. हा टिकाऊपणा येतो तो सिमेंटमध्ये मिसळलेल्या सुमारे ८ ते १० टक्के ॲस्बेस्टॉस या खनिज तंतूमुळे. (ॲस्बेस्टॉसविरहित पत्रेही अलीकडे मिळतात, हे येथेच सांगितले पाहिजे.) मेसोथेलिओमाचे मुख्य कारण हाच तंतू होय.

प्रथम शरीररचना पाहू. आपल्या फुप्फुसांवर दुपदरी पातळ अस्तर असते. एक पदर फुप्फुसाला चिकटलेला, दुसरा छातीच्या पिंजऱ्याला आतून लागलेला. मध्ये किंचित द्रव. त्यामुळे श्वास घेताना फुप्फुस सहज सरकते. या अस्तराच्या पेशींत उद्भवणारा कर्करोग तो मेसोथेलिओमा. काटेकोर अर्थाने तो फुप्फुसाचा नव्हे, फुप्फुसाच्या आवरणाचा रोग आहे. काही रोग्यांत तो पोटाच्या आवरणातही होतो.

आता तंतूकडे वळू. ॲस्बेस्टॉस दळले वा कापले म्हणजे त्याचे उभे चिरत जाऊन केसाहून कितीतरी बारीक तंतू होतात व हवेत तरंगतात. श्वासावाटे ते फुप्फुसाच्या टोकापर्यंत व तेथून अस्तरापर्यंत पोहोचतात. शरीरातील भक्षक पेशी बाहेरून आलेला कण गिळून टाकतात. पण तंतू पेशीहून लांब असला तर तो पुरता गिळता येत नाही. पेशी झगडत राहते, दाहक द्रव्ये बाहेर टाकते, आणि अखेर मरते. तंतू तसाच राहतो. मग दुसरी पेशी येते. हा दाह वर्षानुवर्षे चालून अस्तराच्या पेशींतील गुणसूत्रांना इजा होत जाते. निळे, तपकिरी व पांढरे अशा ॲस्बेस्टॉसच्या प्रमुख जाती आहेत. त्यांत निळे सर्वाधिक घातक. तथापि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने सर्वच जाती कर्करोगकारक ठरविल्या आहेत. पत्र्यांत वापरतात ते पांढरे.

या रोगाचे सर्वांत विलक्षण लक्षण म्हणजे त्याचा विलंब. धूळ श्वासात गेल्यापासून रोग प्रकट होईपर्यंत साधारणतः २० ते ५० वर्षे लोटतात. विशीत कारखान्यात लागलेला तरुण निवृत्त होतो, नातवंडे खेळवू लागतो, आणि तेव्हा कोठे धाप लागते, छातीत दुखते, वजन घटते, छातीत पाणी साठते. आपल्या देशात छातीत पाणी म्हटले की साहजिकच क्षयाची शंका प्रथम येते. खरे निदान व्हायचे तर छातीत दुर्बीण घालून अस्तराचा तुकडा काढावा लागतो व तो विशेष रंजनाने तपासावा लागतो. तशी तपासणी करण्याचे डॉक्टरांच्या मनात यावे, यासाठी एक प्रश्न मात्र विचारला गेला पाहिजे : “तुम्ही आयुष्यभर कोणकोणती कामे केलीत?”

हा प्रश्न किती मोलाचा आहे हे इतिहासच सांगतो. १९६० साली वॅग्नर, स्लेग्ज व मर्चंड या डॉक्टरांनी दक्षिण आफ्रिकेतील ३३ रोग्यांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. रोग्यांचे पूर्वायुष्य खोदून विचारले तेव्हा निळ्या ॲस्बेस्टॉसच्या खाणींचा मुलूख समान निघाला. कित्येकजण खाणकामगार नव्हतेच. बालपणी त्या परिसरात राहिले होते, एवढेच. १९६५ साली लंडनमधील अभ्यासात पतीचे धुळीने माखलेले कपडे धुणाऱ्या स्त्रियाही रोगी म्हणून आढळल्या.

आपल्याकडील स्थिती काय? मध्य प्रदेशातील कैमोर येथे १९३४ साली ॲस्बेस्टॉस-सिमेंटचा कारखाना निघाला. पुढे मुंबईजवळ मुलुंडलाही निघाला. मुंबईतील एका ॲस्बेस्टॉस गिरणीच्या कामगारांची पाहणी २००५ साली प्रसिद्ध झाली. तीत अनेकांना ॲस्बेस्टॉसिस, म्हणजे तंतूंमुळे फुप्फुस कठीण होण्याचा रोग, असल्याचे दिसून आले. २७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की ॲस्बेस्टॉस कारखान्यांनी प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद नोकरी लागल्यापासून किमान ४० वर्षे अथवा नोकरी सुटल्यापासून १५ वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोवर, जपून ठेवावी. चाळीस हा आकडा कशासाठी, हे वरील विवेचनावरून ध्यानात येईल. परंतु पत्रे बसविणारा मिस्त्री, जुने छप्पर उतरविणारा रोजंदार व भंगारवाला यांची नोंद कोण ठेवणार?

उपचारांत प्रगती झाली आहे. पण ती महिन्यांनी मोजावी लागते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन औषधे एकत्र दिल्याने सरासरी आयुर्मान सुमारे ९ महिन्यांवरून १२ महिन्यांवर गेले. पुढे प्रतिकारशक्तीला चेतविणाऱ्या औषधांच्या जोडीने ते एका चाचणीत १४ वरून १८ महिन्यांवर नेले. म्हणून प्रतिबंध हाच खरा उपाय. ब्रिटनने १९९९ साली व युरोपीय संघाने २००५ पर्यंत ॲस्बेस्टॉसचा वापर बंद केला. अमेरिकेने २०२४ साली पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवरही बंदी जाहीर केली. आपल्याकडे मात्र पत्र्यांसाठी त्याची आयात होते.

मग डोक्यावरचा पत्रा आजच काढावा काय? घाबरण्याचे कारण नाही. अखंड, न हलविलेल्या पत्र्यातून तंतू फारसे सुटत नाहीत. धोका आहे तो पत्रा करवतीने कापण्यात, भोके पाडण्यात, घासण्यात व फोडण्यात. फुटक्या पत्र्याचे तुकडे अंगणात भरावाला टाकू नयेत, मुलांना त्यांवर खेळू देऊ नये. पत्रा हलवायचाच असेल तर पाण्याने भिजवून, न फोडता उतरवावा. सांडलेली धूळ कोरडी झाडू नये, ओल्या फडक्याने टिपावी. तोंडाला बांधलेला रुमाल हे तंतू अडवीत नाही. त्यासाठी योग्य मुखवटाच हवा. धुळीचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नयेत.

विद्यार्थिमित्रांनो, आपल्यापैकी अनेकांचे वडील, काका, आजोबा गिरणीत, कारखान्यात, बांधकामावर राबले असतील. कोठे, कोणत्या साली, कोणत्या खात्यात, कसल्या धुळीत, हे त्यांना विचारून वहीत लिहून ठेवा. पुढे कधी छातीचे दुखणे उद्भवले, तर ते पान डॉक्टरांपुढे ठेवा. योग्य तपासणीची दिशा त्यातून मिळू शकते, आणि नुकसानभरपाईचा प्रश्न आला तर तोच पुरावा उपयोगी पडतो. ज्यांची नोंद कोठल्याही दप्तरात नाही, त्यांची निदान घरात तरी असावी.