उपचारानंतरची रुखरुख

बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे १९२४ साली जन्मलेले शिवपुत्र कोमकळीमठ, म्हणजेच कुमार गंधर्व, १९४८ मध्ये देवासला राहावयास गेले. क्षय जडला होता आणि माळव्याची कोरडी हवा मानवेल अशी आशा होती. गाणे बंद, असा डॉक्टरांचा हुकूम होता. पुढे स्ट्रेप्टोमायसीनने जीव वाचला, एक फुप्फुस मात्र निकामी झाले. काही वर्षांनी ते पुन्हा गाऊ लागले, हे सर्वांस ठाऊक आहेच. हा आजार कर्करोग नव्हे, आणि त्या काळी निवडीला वावही थोडाच होता. परंतु ‘आवाज की आयुष्य’ हा प्रश्न किती खरा असतो, हे कानडी व मराठी अशा दोन्ही वाचकांना या एका नावावरून कळावे.

स्वरयंत्राच्या कर्करोगात हा प्रश्न रोज पडतो. १९८१ साली अमेरिकेत ३७ निरोगी माणसांना विचारण्यात आले : शस्त्रक्रियेने जगण्याची शक्यता अधिक, पण नैसर्गिक आवाज जाणार, किरणोपचाराने आवाज राहील, पण ती शक्यता कमी. तुम्ही काय घ्याल? सुमारे एकपंचमांश लोकांनी आवाज पसंत केला. पुढे १९९१ साली ३३२ रुग्णांवरील चाचणीत आधी औषधे व मग किरणोपचार दिलेल्यांचे दोन वर्षांचे जगण्याचे प्रमाण शस्त्रक्रियेइतकेच, ६८ टक्के निघाले, आणि त्यांपैकी ६४ टक्के रुग्णांचे स्वरयंत्र वाचले. म्हणजे पूर्वी जो सौदा अटळ वाटे तो पुष्कळांपुरता टळला. मात्र ती ३७ माणसे निरोगी होती, हे विसरू नये. आजार नसताना केलेली निवड आणि वर्षभर गळ्यातील छिद्रातून श्वास घेतल्यानंतरचे मत, यांत पुष्कळ अंतर असते.

हे नंतरचे मत मोजण्यासाठी २००३ साली पाच विधानांची एक पट्टी प्रसिद्ध झाली. निर्णय योग्य होता का, पुन्हा तोच घ्याल का, त्याने नुकसान झाले का, अशा धर्तीची विधाने. शून्य ते शंभर गुण. बहुतेक रुग्णांचे गुण खालच्याच बाजूस असतात, हे अनेकांना नवल वाटते. माणूस झाल्या गोष्टीशी जुळवून घेतो, हे एक कारण. ज्यांची रुखरुख मोठी असते त्यांच्यात निर्णय घेताना घोटाळलेले आणि नंतर शारीरिक त्रास भोगलेले लोक अधिक आढळतात.

आता माळव्याकडे वळू. धार व देवास ही पवारांची जुनी संस्थाने; तेथील मराठी घरे मोठ्या उपचारासाठी इंदूरकडे, क्वचित मुंबईच्या टाटा रुग्णालयाकडे पाहतात. समजा, धारच्या एका काकूंना स्तनात गाठ आहे. केवळ गाठ काढली किंवा सबंध स्तन काढला, तरी वीस वर्षांनंतर जगण्यात फरक पडत नाही, असे १,८५१ स्त्रियांच्या अभ्यासावरून २००२ मध्ये दिसले. पण गाठ काढल्यावर किरणोपचार न दिल्यास त्याच स्तनात रोग उलटण्याचे प्रमाण ३९ टक्के, दिल्यास १४. किरणोपचार म्हणजे पूर्वी पाच-सहा आठवडे, आता पुष्कळदा तीन, आठवड्याचे पाच दिवस हजेरी. साठएक किलोमीटरचा रस्ता, सोबतीला कोण, घरी स्वयंपाकाचे काय? असा हिशेब करून काकू सबंध स्तन काढून घेतात. ही निवड वैद्यकशास्त्राची नाही, बसच्या वेळापत्रकाची आहे. तरी हिशेब त्यांचा स्वतःचा असेल तर दहा वर्षांनीही त्या म्हणतील, ‘मी तेच केलं असतं.’

त्यांच्या जाऊबाईंची गोष्ट निराळी समजा. डॉक्टर बोलले ते दिरांशी, बाहेरच्या ओसरीवर. घरात ‘कॅन्सर’ हा शब्दही उच्चारला गेला नाही. शस्त्रक्रिया तीच, निकालही तितकाच चांगला. त्यांना विचारले तर उत्तर येईल, ‘मला कुणी विचारलंच कुठं?’

त्या पाच विधानांत या उत्तराला जागा नाही. ‘निर्णय योग्य होता’ याला त्या मान डोलावतील आणि गुण पडतील शून्याजवळ. आपल्यापैकी कोणी असे सर्वेक्षण हाती घेणार असेल, तर ती पट्टी जशीच्या तशी भाषांतरित करू नये. पहिला प्रश्न असावा : निर्णय कोणी घेतला, आणि तेव्हा तुम्ही कोठे होता?